जीपला मागं डिस्क ब्रेक टाकायचेत? थांब, आधी पुढची चाकं बघू

भावा, तुझा प्रश्न परत एकदा मांडतो म्हणजे वाचणाऱ्यांना पण कळेल. आजोबांच्या नावावरची १९७२ ची महिंद्रा सीजे-३बी, चारी चाकांना जुने ९ इंची ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबतात ते), गेल्या पावसाळ्यात आंबोली घाट उतरताना पेडल खाली गेलं, कशीबशी गाडी गिअरवर थांबवली, तेव्हापासून घरचे कुणी गाडीत बसत नाहीत. आणि आता गॅरेजवाला म्हणतोय की मागचे ड्रम काढून डिस्क (फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात तो ब्रेक) टाकू, दोन दिवसाचं काम आहे, पुढचं नंतर सवडीनं बघू. करू का, असं विचारतोयस.

नको. म्हणजे मागं डिस्क कधीच नको असं म्हणत नाहीये, पण हा क्रम उलटा आहे आणि उलट्या क्रमानं केलं तर गाडी आहे त्यापेक्षा जास्त धोक्याची होईल.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला सव्वीस वर्षं हेच काम करतोय, निम्मी जिंदगी जीपखाली झोपून गेली. हा उलटा उद्योग मी स्वतः एकदा करून बसलोय म्हणून सांगतो. नवीन होतो तेव्हा, एका गिऱ्हाइकाला घाई होती, पुढच्या नकलला (चाक वळवणाऱ्या सांध्याला) हात लावायचा म्हणजे स्टिअरिंग उघडा, बॉल उघडा, ते सगळं टाळून मागंच डिस्क टाकून दिली कारण मागचं काम सरळ दिसतं. आवारात ट्रायल घेतली तर गाडी अशी थांबायची की सगळे खूश. दुसऱ्या दिवशी गगनबावड्याच्या रस्त्याला पावसाची भुरभुर, समोर म्हैस आली, मी ब्रेक मारला आणि मागची दोन्ही चाकं जाम, गाडी गर्रकन फिरून आलो त्या दिशेला तोंड करून उभी. म्हैस शांतपणे निघून गेली. समोरून काही येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय, नाहीतर अवघड होतं. त्या दिवशी संध्याकाळी तीच डिस्क काढून परत ड्रम लावले आणि कागद पेन घेऊन बसलो, जे आधी करायला पाहिजे होतं.

तो कागदावरचा हिशोब तुला पण सांगतो कारण गॅरेजवाल्याला तू हाच प्रश्न विचारायचा आहेस. माझ्याकडं आलेल्या बहुतेक ९ इंची ड्रमच्या जीपला पुढं १ इंची व्हील सिलिंडर (ब्रेक फ्लुइडच्या जोरानं शू ढकलणारा) असतो आणि मागं पाऊण इंची. (तुझ्या गाडीत कुणी आधी बदललेले असू शकतात, सिलिंडरवर आकडा असतो तो बघ.) हा फरक उगाच नाही ठेवलेला. १ इंचाचं तोंड होतं साधारण ५ चौरस सेंमी, पाऊण इंचाचं २.८५. ड्रम सगळीकडं सारखा, म्हणजे एकाच प्रेशरला पुढं जेवढा जोर लागतो त्याच्या साधारण निम्म्याहून थोडा जास्त मागं लागतो. टक्क्यात सांगायचं तर ६४ पुढं आणि ३६ मागं. आता मागं डिस्क टाकली, समजा एखाद्या गाडीचा पुढचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घेतला ४८ मिमी पिस्टनचा, जो भंगार बाजारात सहज मिळतो आणि सगळे तोच टाकतात. त्याच्या पिस्टनचं तोंड १८ चौरस सेंमी. ड्रममधला शू चाकाच्या फिरण्यानं स्वतःच ड्रमकडं ओढला जातो, डिस्कला तो फायदा नाही, ते धरून पण हिशोब केला तर मागच्या चाकावरचा ब्रेक आधीच्या अडीच पट होतो. पुढं जुनाच ड्रम. वाटणी झाली ४१ पुढं, ५९ मागं. पूर्ण उलटी गंगा.

आणि जीप म्हणजे काय आहे ते विसरू नको. पुढच्या मागच्या चाकांतलं अंतर फक्त ८० इंच, म्हणजे २०३ सेंमी, आणि बसायची जागा उंच. ब्रेक मारला की वजन पुढं ढकललं जातं, जेवढी गाडी उंच आणि आखूड तेवढं जास्त. अंदाजे धर, ११०० किलोची गाडी, कचकन ब्रेक मारला तर मागच्या चाकांवरचं दोनशे किलोच्या आसपास वजन पुढं जातं. रिकाम्या जीपच्या मागच्या चाकांवर मग उरतं तीनशे साडेतीनशे किलो, आणि आपण नेमकं तिथंच जास्त ब्रेक देऊन ठेवलाय. पुढचं चाक जाम झालं तर गाडी सरळ घसरते, वळत नाही पण सरळ तरी जाते. मागचं जाम झालं की गाडीला आपलं शेपूट पुढं आणायचं असतं.

म्हणून पुढं डिस्क, मागं ड्रम हे चालतं, नुसतं चालत नाही तर उत्तम चालतं, आजही कितीतरी नव्या गाड्या कंपनीतून अशाच येतात. पुढं मागं दोन्हीकडं डिस्क चालते, जमवून घेतलं तर. मागं डिस्क आणि पुढं ड्रम, हे कधीच नाही. ॲम्बेसिडर असो, फियाट असो, जीप असो.

आता तुझं पेडल आंबोलीत का गेलं ते बघू, कारण मला वाटतंय तुझा खरा प्रश्न डिस्कचा नाहीच आहे.

ड्रम गरम झाला की फुगतो, आणि फुगताना शूपासून लांब जातो. म्हणजे जेवढा ब्रेक वापरशील तेवढं पेडल खाली. डिस्क गरम होऊन फुगली तर पॅडच्या अंगावर येते, म्हणून डिस्कला हा त्रास नाही. बरं उष्णता किती तयार होते? आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर, खाली दाणोलीपर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार धर. माणसं सामान धरून गाडी १४०० किलो. सगळा उतार फक्त ब्रेकवर उतरलास तर ७५ लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. चार ड्रमचं मिळून २० किलो लोखंड धरलं आणि वाऱ्यानं काहीच थंड झालं नाही असं मानलं तर ड्रम आठशे डिग्रीनं तापेल, लोखंड लाल होतं त्याच्या पण पुढं. अर्थात वाऱ्यानं बरंच थंड होतं, पण आकडा यासाठी सांगितला की घाट ब्रेकवर उतरायचा नसतो, इंजिनवर उतरायचा असतो. ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, हे आपल्या आजोबांच्या पिढीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तुझ्या गाडीत तर लो गिअर पण आहे. थर्डला टाकून पायाखाली ब्रेक दाबत उतरला असशील तर डिस्क टाकून पण वास येणारच, फक्त जरा उशिरा. आणि फ्लुइड उकळलं तर डिस्क काय नि ड्रम काय, पेडल सपाट. साधं डॉट ३ जातीचं फ्लुइड नवीन असताना २०५ डिग्रीला उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी शिरलं की १४० वर येतं. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. तुझ्या मास्टर सिलिंडरमधलं (पेडल ज्याला दाबतं त्यातलं) फ्लुइड शेवटचं कधी बदललं? जीपचा मास्टर पायाखाली चेसिसला असतो, मॅट उचलून झाकण काढायचं, ते कुणी काढत नाही, मी कित्येक गाड्यांत चहासारखं काळं फ्लुइड बघितलंय आणि तळाला गंज.

दुसरी गोष्ट सेटिंग. जुन्या जीपच्या ब्रेकला दोन सेटिंग असतात आणि निम्म्या मिस्त्रींना एकच माहीत असतं. बॅकप्लेटवर (शू ज्यावर बसतात त्या पत्र्यावर) वरच्या बाजूला कॅम असतात ते सगळे फिरवतात. पण खाली ज्या पिनांवर शू टेकतात त्या पण मधोमध नसतात, त्या फिरवल्या की शूचा खालचा भाग पुढं मागं होतो. नवीन लायनर (शूवरचा घासणारा थर) टाकल्यावर या पिना लावून घेतल्या नाहीत तर शू फक्त वरच्या टोकाला टेकतो, तळहाताएवढ्या लायनरमधला चार बोटांचा भाग काम करतो आणि बाकीचा नुसता दिसायला. आणि ड्रम लेथवर दोन तीनदा टर्न झालेला असेल तर त्याचा घेर मोठा झालेला असतो, नवीन शूची गोलाई त्याला जुळतच नाही. लायनर ड्रमच्या मापाला घासून घ्यावा लागतो. हे काम आता कुणी करत नाही, धीर नाही लोकांना.

तिसरी गोष्ट मागच्या ॲक्सलची. डिफरन्शियलच्या हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा सोडायचं भोक, असतो. चिखलानं तो बंद झाला की गरम झालेली हवा बाहेर जायला जागा शोधते आणि गिअर ऑइलला घेऊन सीलमधून चाकाकडं येते. शू तेलात भिजले की ब्रेक गेला, तुम्ही सील बदलता, महिन्यात परत गळतं, परत बदलता. ब्रीदर कुणी बघत नाही. दहा रुपयाचं पण काम नाही, तारेनं साफ करायचा.

(आणि एक सांगतो, जुने लायनर उघडताना हवेचा पाइप मारून धूळ उडवू नको. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असायचं. पाणी मारून ओल्या फडक्यानं पुसून घे. आमच्या पिढीनं छातीत काय काय भरून घेतलंय देव जाणे.)

तर हे सगळं, म्हणजे ड्रम मापून घेणं, लायनर, चारी सिलिंडरची किट, सगळे रबरी पाइप, फ्लुइड, ब्रीदर, हे डिस्कच्या खर्चाच्या पाव भागात होतं आणि हे आधी कर. होऊन गेल्यावर गाडी चालवून बघ. तुला त्यातच समाधान झालं तर गोष्ट तिथंच संपली.

त्याच्या पुढं पैसे घालायचे असतील तर मी पहिला पैसा डिस्कवर पण नाही घालणार, टँडेम मास्टर सिलिंडरवर घालीन. तुझ्या गाडीचा ब्रेक एकाच लाइनवर आहे. एक पाइप फुटला, एक सिलिंडर गळला, की चारी चाकांचा ब्रेक गेला. टँडेममध्ये पुढचा आणि मागचा वेगळा, एक गेला तरी एक राहतो. त्यानंतर पुढची डिस्क. मारुती जिप्सीच्या चाकाचे पाच बोल्ट आणि जीपचे पाच बोल्ट एकाच वर्तुळावर येतात, १३९.७ मिमी म्हणजे आपले साडेपाच इंच, म्हणून जिप्सीची पुढची डिस्क जीपला टाकायची पद्धत पडलीय आणि ती चांगली आहे. १६ इंची रिममध्ये जागेचा प्रश्न येत नाही. पुढं ४८ चा कॅलिपर आणि मागं जुना पाऊण इंची ड्रम ठेवला तर वाटणी साधारण ७२ : २८ होते. बरोबर पाहिजे तशी.

एवढं झाल्यावर माझी दहातली आठ गिऱ्हाइकं मागची डिस्क विसरून जातात. उरलेली दोन म्हणजे एक ते ज्यांना चारीकडं डिस्क दिसायला पाहिजे, त्यांना काही बोलून उपयोग नाही, आणि दुसरे कोकणात, नदीनाल्यात गाडी घालणारे. त्या दुसऱ्यांचं कारण खरं आहे. ड्रममध्ये पाणी आणि चिखल गेला की आत बसतो, ओढा ओलांडल्यावर बराच वेळ ब्रेक लागतच नाही, आणि चिखलानं लायनर आणि ड्रम दोन्ही खाल्ले जातात. डिस्क दोन चार फेऱ्यात कोरडी होते. तुझं शेत जर नदीपलीकडं असेल तर कर मागं पण डिस्क, मी अडवणार नाही. पण मग नीट कर, कसं ते सांगतो.

सगळ्यात चांगली बातमी आधी. ॲम्बेसिडरला मागं डिस्क टाकायची म्हटली की हँडब्रेक आडवा येतो, कारण तिचा हँडब्रेक मागच्या ड्रममध्येच आहे, ड्रम गेला की हँडब्रेक गेला. मग हँडब्रेकवाला कॅलिपर शोधा, ज्याचा पिस्टन दाबून नाही तर फिरवून आत जातो आणि ते माहीत नसलेला पोरगा सी-क्लॅम्प लावून तो मोडून ठेवतो, मग केबल जुळवा, लिव्हरची ओढ जुळवा. तुझ्या सीजे-३बीला हे दुखणं नाही. तिचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (फोर-व्हीलच्या गिअर पेटीच्या) मागं, प्रॉपेलर शाफ्टवर आहे, एकच छोटा ड्रम. तो तसाच राहतो. फक्त त्याचा एक गुण लक्षात ठेव, तो शाफ्ट धरतो, चाक नाही. मागचं एक चाक जॅकवर उचललंस की डिफरन्शियलमुळं ते चाक मोकळं फिरतं आणि गाडी जागची हलू शकते, हँडब्रेक ओढलेला असला तरी. चाकाला दगड लावल्याशिवाय जॅक लावायचा नाही, डिस्क असो वा ड्रम.

मागचं हब (चाक ज्यावर बसतं ते) ॲक्सल शाफ्टच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) किल्लीनं बसलेलं असतं. पन्नास वर्षं बसलेलं हब हातोडीनं निघत नाही, आणि शाफ्टच्या टोकावर घण घातला की तो मार आतल्या बेअरिंगला जातो. दणकट तीन पायांचा पुलर लाव, ताण देऊन ठेव, हबवर बाजूनं ठोक, नाही निघालं तर तसंच रात्रभर ताणात ठेव, बऱ्याचदा सकाळी आपोआप सुटलेलं असतं. मोठ्ठा आवाज होतो, घाबरू नको, पण नट शेवटच्या दोन आट्यांवर ठेवलेला असू दे नाहीतर हब उडून पायावर येतं. परत बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ पाहिजे, ग्रीस अजिबात नाही. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढं आवळायचं, मागं कधीच घ्यायचं नाही. आणि डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात हे गावाकडच्या पंक्चरवाल्याला माहीत नसतं, त्यामुळं तुझे स्टड (चाकाचे नट ज्यावर बसतात ते) आधीच कुणीतरी मोडून बदललेले असतील. डिस्कची जाडी मध्ये आल्यावर स्टड तेवढा बाहेर कमी येतो. स्टड जेवढा जाड तेवढे आटे तरी नटात गेले पाहिजेत, नाहीतर लांब स्टड टाक.

आता ज्या गोष्टीत सगळ्यात जास्त लोक फसतात ती. जीपच्या मागच्या ॲक्सलला बेअरिंग टेपर रोलरचं असतं आणि त्याचा प्ले (आत बाहेर हलायची मोकळीक) शिमनी (पातळ चकत्यांनी) जमवलेला असतो, आणि त्या शिमा बॅकप्लेटच्या सांध्यात असतात. तू बॅकप्लेट काढून त्या जागी १० मिमीची कॅलिपरची प्लेट टाकलीस की जाडीचं सगळं गणित बदललं. वेल्डिंगवाल्याला हे माहीत नसतं, तो बोल्ट आवळून मोकळा होतो. मग एकतर बेअरिंग आवळून गरम होतं, नाहीतर शाफ्ट आत बाहेर हलत राहतो. हलणाऱ्या शाफ्टवर ड्रम असेल तर त्याला काही कळत नाही, ड्रम ऐसपैस असतो. पण डिस्क हलली की पॅडला मागं ढकलते, कॅलिपरचा पिस्टन आत जातो, आणि पुढच्या वेळी पेडल पहिल्या दाबाला अर्ध्यापर्यंत रिकामं जातं, दुसऱ्या दाबाला लागतं. लोक चार चार वेळा एअर काढतात, मास्टर बदलतात, आणि दोष बेअरिंगमध्ये असतो. म्हणून डायल गेज लावून शाफ्टचा प्ले आधी माप, शिमा परत जमव, तो प्ले चार दोन थाऊतच (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) राहिला पाहिजे. त्याच गेजनं मग डिस्कचा तोंडावरचा हेलकावा बघ, ०.१ मिमीच्या वर नको. जास्त आला तर डिस्क आणि हब यांच्यातला गंज, स्टडभोवतीची उठलेली धातूची कड, हे आधी तपास, उगाच नवी डिस्क लेथवर चढवू नको.

ब्रॅकेटची प्लेट १० ते १२ मिमी एमएस (साधं पोलाद), लेझरनं कापून घे, कोल्हापूरला हे तासाभरात होतं. गॅसनं कापलेली असेल तर फेसिंग केल्याशिवाय लावू नको. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्ये आला पाहिजे. बोल्ट ८.८ ग्रेडच्या खालचा नाही, मी १०.९ च लावतो. कॅलिपर कुठं येतो ते आधी पुठ्ठ्याची प्लेट करून बघ, लीफ स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि शॉकअप आडवे येतात. रिमला लागतो का ते बघायला कॅलिपरवर पोरांचा मातीचा क्ले लावायचा आणि चाक फिरवायचं. आणि एअर काढायचा निपल वरच्या अंगाला आला पाहिजे! हसू नको, डावा उजवा कॅलिपर उलटा लावून निपल खाली ठेवलेल्या गाड्या दर वर्षी येतात, हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते आणि बाटल्याच्या बाटल्या फ्लुइड ओतलं तरी पेडल स्पंजच.

कॅलिपर कुठला? वरचा हिशोब परत बघ. मागं ४८ चा नको. मागच्या जुन्या ड्रमएवढाच जोर पाहिजे तर पिस्टन येतो ३० मिमीच्या आसपास, ३४ पर्यंत चालेल, तेव्हा वाटणी ६७ : ३३ होते. म्हणजे एखाद्या गाडीचा मागचाच कॅलिपर शोध, पुढचा नको. भंगारात पुढचे जास्त मिळतात म्हणून लोक पुढचे लावतात, एवढंच कारण.

तरीही मागच्या लाइनला फिरवून सेट करायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व (मागचं प्रेशर कमी करणारा) लाव. मागच्याच, पुढच्या लाइनला कधीच नाही. आणि मास्टर ड्रमचा असेल तर त्याच्या आत एक छोटा व्हॉल्व असतो जो लाइनमध्ये दहा एक पीएसआय प्रेशर धरून ठेवतो, ड्रमच्या सिलिंडरचे रबर कप ताठ राहावेत म्हणून. डिस्कवर तेवढं प्रेशर राहिलं की पॅड कायम घासत राहतात, चाक तापतं, ॲव्हरेज पडतं. तो काढावा लागतो. पण जीपमध्ये मास्टर चेसिसला, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली किंवा बरोबरीला, त्यामुळं काहीच नसलं तर फ्लुइड हळूहळू मास्टरकडं परत वाहतं. तिथं दोन पीएसआयचा व्हॉल्व लावायचा. ज्याच्या मास्टरची जागा बोनेटखाली वर आहे त्याला याची गरज नाही. याशिवाय फ्लुइडच्या डबीची मापं पण बघ. मागं बारीक पिस्टन असला तरी पुढच्या ४८ च्या पिस्टनला दोन्ही पॅड झिजेपर्यंत १५ मिमी तरी बाहेर यावं लागतं, म्हणजे एका चाकाला २७ सीसी, दोघांना पन्नासच्या वर. जुन्या मास्टरची टाकी छोटी, पायाखाली, कुणी बघत नाही. पॅड झिजता झिजता टाकी रिकामी. वर एक डबी लावून पाइपनं जोडून घे, दिसेल अशी.

बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणारा) पाहिजे का, हे पण सगळे विचारतात. ३० किलोनं पाय दाबलास, पेडलची पट सहा धरली, १ इंची मास्टरमध्ये ३५ किलो प्रति चौरस सेंमी प्रेशर येतं, ४८ च्या पिस्टनवर त्याचे ६४० किलो होतात. गाडी थांबवायला पुरे. मोठे टायर टाकलेले असतील तर मात्र बूस्टर लागेल. पण तुझ्या गाडीत पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असेल, आपल्याकडच्या निम्म्या जीपचं असतं, तर डिझेलच्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम मिळत नाही, त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप पाहिजे. हे न बघता बूस्टर लावला तर तो नुसता डबा.

पाइपच्या आट्यांचं एक सांगतो आणि हे अगदी जपून वाच. जुन्या जीपचे पाइपचे नट इंची, ३/८ चे, २४ आट्यांचे. मारुतीकडचा कॅलिपर, होज सगळं एम १० बाय १. इंची नट ९.५ मिमीचा, भोक १० चं, आटे जवळजवळ सारखे. म्हणजे नट आत जातो, फिरतो, थोडा आवळतो पण. आणि पहिल्याच जोराच्या ब्रेकला आटे सोडून बाहेर येतो. माझ्याकडं एक गाडी टो करून आली होती अशीच, सुदैवानं गावातच झालं होतं. पाइप नवीन कर, प्रत्येक टोकाला ज्याचा त्याचा नट टाकून डबल फ्लेअर मार (पाइपचं तोंड दुहेरी दुमडून पसरव), आणि तांब्याचा एसीचा पाइप ब्रेकला लावू नको, तो हादऱ्यांनी तडकतो.

सगळं झाल्यावर मोकळ्या मैदानात जा, टू-व्हीलमध्येच ठेव कारण फोर-व्हील लावलं की पुढचा मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो आणि ब्रेकची वाटणी कळतच नाही. आधी पन्नासवरून पंधरापर्यंत आठ दहा वेळा हळू ब्रेक मारून पॅड बसू दे, पूर्ण थांबू नको. मग जमीन ओली कर, गाडी रिकामी, वेग तीस, बाहेर एक माणूस बाजूला लांब उभा, आणि कचकन ब्रेक. त्यानं सांगायचं कुठलं चाक आधी जाम झालं. मागचं झालं तर व्हॉल्व बंद कर थोडा, परत. पुढचं आधी आणि मागचं त्याच्या पाठोपाठ जाम होईपर्यंत. माणसं भरून सेटिंग करू नको, भरलेल्या गाडीत सगळं छान वाटतं आणि एकटा घरी जाताना फिरते.

कागदाचं पण बघ. गाडी पन्नास वर्षांच्या वर आहे, व्हिंटेजमध्ये नोंद करायची मनात असेल तर २०२१ च्या नियमांत गाडी मूळ रूपात पाहिजे आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये फेरफार नको असं आहे. म्हणून टँडेम मास्टरसाठी चेसिसला भोकं पाडायला, वेल्डिंग करायला कुणाला देऊ नको, आहेत त्या भोकांवर बोल्टनं ब्रॅकेट लावता येते. काढलेले ड्रम, बॅकप्लेट, शिमा सगळं तेल लावून पोत्यात ठेव, भंगारात घालू नको. पुढं कधी तुझाच पोरगा म्हणेल मला ओरिजिनल पाहिजे.

तर आता गॅरेजवाल्याला दोन दिवस थांबव. मागचं एक हब काढून व्हील सिलिंडरवरचा आकडा बघ, शाफ्ट हातानं आत बाहेर ओढून किती हलतो ते बघ, ब्रीदर साफ कर, आणि इंजिन पेट्रोल आहे का डिझेल ते सांग. तेवढं कळलं की मास्टर कुठला घ्यायचा ते मी लिहितो. तोपर्यंत आंबोलीला जायचंच झालं तर सेकंड गिअर, आणि पाय पेडलवर ठेवून बसायचं नाही.